ढेकणांचे साठ सेकंद

मंगळवार, ४ नोव्हेंबर

उद्या मला कोटवाल्यांसमोर उभं राहून बोलायचंय! साठ सेकंद! माइकवर!

उत्का म्हणते, "आजी, साठ सेकंद म्हणजे काहीच नाही गं. दूध उतू जायला लागतात तेवढे." दुधाचं मला नको सांगू म्हणावं. समोर उभं राहा, तासभर जात नाही. पाठ फिरवा, गेलंच.

उत्का म्हणजे उत्कर्षा, माझी नात. तिला आठवा लागलाय. मी पणजी होणार! हे लिहितानाही एकटीच हसतेय. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी वाढलंय, पलंगावरून उठायचं नाही, डोक्याला ताप द्यायचा नाही. आणि हिचा धंदा कसला, तर ढेकूण-झुरळं मारायचा! पेस्ट कंट्रोल. कॉलेज संपल्यापासून करते, आम्ही नको नको म्हणत असताना. आता फवारणीला कोंडीराम आणि दोन माणसं जातात. पण कामं येतात ती त्या बुधवारच्या ग्रुपातून. स्वारगेटजवळच्या हॉटेलात सकाळी सातला चाळीस-पन्नास धंदेवाले जमतात आणि एकमेकांना कामं देतात. एका धंद्याची एकच खुर्ची. सुतार एक, वकील एक, ढेकूणवाली एक. तीन बुधवार चुकले की खुर्ची दुसऱ्याला! उत्काचे दोन चुकलेत. बदली माणूस पाठवलं तर चालतं. नातजावई आनंद, त्यांची चाकणला पहिली पाळी. लेक माझी वाशीमला, तिने रजा बाळंतपणासाठी राखून ठेवलीय. मग उरलं कोण? तिसरी पास दुर्गाबाई.

ही वहीसुद्धा ग्रुपातल्या छापखानेवाल्याने दिलेली. कागद चांगला गुळगुळीत आहे. पेन पळतंय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गेले. आले. जिवंत आहे!

अगं बाई, काय ते हॉटेल! छातीवर माझ्या नावाची पट्टी लावली. मोठमोठी माणसं वाकून "गुड मॉर्निंग आजी" म्हणत होती. इडली गरम होती, चटणी पाणचट. अध्यक्ष एक बाई आहेत, नाजिमाताई, यात्रा कंपनी चालवतात. चारचौघींसारख्याच, पण हातात घंटी. साठ सेकंद झाले की टिंग! कोटवाला असो की टायवाला, टिंग म्हटलं की खाली.

माझी पाळी आली. माइक तोंडाजवळ धरला तर माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू आला. म्हटलं, "मी दुर्गाबाई. बिबवेवाडी. ढेकूण मारते." आणि बसले! पंचावन्न सेकंद शिल्लक. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. प्रेमाने वाजवल्या, पण कान गरम झाले ते झालेच.

मग पाहुणे बोलले. दर बुधवारी कोणीतरी पाहुणा येऊन माल कसा खपवायचा ते शिकवतो. आजचे भरघोस मिशांचे. म्हणाले, हवेत बोलू नका! गोष्ट सांगा. "आकडे विसरतात, गोष्ट राहते." माणसाचं नाव घ्या, गल्ली सांगा, वार सांगा, मग लोक विश्वास ठेवतात. आणि तुमचं नाव जिथे जाल तिथे दिसलं पाहिजे! आमच्या टेंपोवर उताण्या पडलेल्या झुरळाचं हे एवढं चित्र आहे, मला हॉटेलवर सोडायला आलेल्या त्या टेंपोचं त्यांनी कौतुक केलं. मी सगळं लिहून घेतलं. शाळेत असते तर पहिला नंबर.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. मागच्या रांगेत निळ्या कोटातला एक माणूस बसला होता, पाहुणा म्हणून आलेला. तोही पेस्ट कंट्रोलवाला! जवळ येऊन म्हणाला, "उत्कर्षा मॅडम परत येणार आहेत ना?" किती गोड विचारलं. उंदराला मांजराने तब्येत विचारावी तसं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सारखा तो निळा कोट दिसतोय. इस्त्रीवाल्याच्या दोरीवर दिसला तरी धस्स झालं.

रविवार, ९ नोव्हेंबर

कोंडीरामला म्हटलं, मला एक गोष्ट दे. नाव-गल्ली-वारासकट. तो म्हणाला, एक काय, शंभर देतो. त्यातली शनिवार पेठेतली मला आवडली. यज्ञेश्वरदादा म्हणून आहेत, त्यांचं मुलींचं वसतिगृह. चौदा खोल्या. चौदाही खोल्यांत ढेकूण! कोंडीरामने तीन दिवसांत साफ केले. आणि यज्ञेश्वरदादा तर आपल्याच ग्रुपात! म्हणजे आणखी छान. आमच्या गणपतीत वर्गणीदारांची नावं माइकवरून घेतात ना, तेव्हा ज्याचं नाव येतं तो कसा ताठ होतो! तसं त्यांनाही वाटेल, आपलं नाव घेतलं.

उत्काला सांगितलं नाही. तिला एकदम दाखवून देईन. आरशासमोर म्हणून पाहिलं. सत्तावन्न सेकंद!

बुधवार, १२ नोव्हेंबर

काय केलं मी. काय करून बसले.

सुरुवातीपासून लिहिते. उभी राहिले. या वेळी आवाज फुटला. "शनिवार पेठेतले आपले यज्ञेश्वरदादा," असं म्हणून त्यांच्याकडे हातसुद्धा केला! मग चौदा खोल्या, मग गादीच्या शिवणीतले ढेकूण, प्लगच्या भोकातले ढेकूण, मग ती मुलगी जिची पाठ अशी सुजली की कॉलेजात मैत्रिणींनी गोवर समजून डबा वेगळा केला. लोक लोटपोट! कोणी मोबाइल वर धरले. टिंग व्हायच्या आत संपलं, टाळ्याच टाळ्या. मी फुलून खाली बसले. यज्ञेश्वरदादांकडे पाहिलं. ते इडलीचे तुकडे करत होते. बारीक बारीक. खात नव्हते.

मला तरी काही कळलं नाही!

मग आजची पाहुणी बोलली. सृष्टी नावाची, जाहिराती बनवते, माझ्या उत्काएवढीच. तिने मालाबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाली, नवीन कल्पना कुठून येते? गिऱ्हाईक काय मागतं ते सगळेच बघतात. ते काय लपवतं ते बघा. चिठ्ठ्या वाटल्या. तुमचं गिऱ्हाईक कशाला घाबरतं, एका शब्दात लिहा. मी "ढेकूण" लिहायला पेन टेकवलं. आणि थांबले. ढेकणाला कोण घाबरतं? चिरडला की झालं. मग लिहिलं: शेजारी.

लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तुकडे केलेल्या इडलीकडे परत पाहिलं.

ती पोरगी माझ्या आधी बोलली असती तर! पण इथे आधी सगळ्यांचे साठ सेकंद, पाहुणा नंतर.

निघताना यज्ञेश्वरदादा आले. अगदी शांत. "आजी, छान बोललात. आमच्या ढेकणांना आजवर फक्त घर होतं, आपण पत्ताही दिलात." आणि गेले. जिन्यात निळा कोट भेटला. म्हणाला, "आजीबाई, माझं काम सोपं केलंत."

बसमध्ये बिबवेवाडीचा थांबा कधी गेला कळलंच नाही. डेपोपर्यंत गेले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कोणीतरी माझं बोलणं मोबाइलवरून पुढे पाठवलं. ते फिरत फिरत एका मुलीच्या वडिलांना पोचलं. दोन मुली सामान घेऊन गेल्या. ढेकूण तर ऑगस्टमध्येच गेले होते हो!

नाजिमाताईंचा फोन आला. उत्काचा फोन मीच सांभाळते, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. "आजी, तुम्हाला माहीत नव्हतं ते मला समजतं. पण गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा आपला पहिला नियम. तक्रार लेखी आली आहे. बावीस तारखेला कमिटीचे पाच जण बसतील." खुर्चीचं विचारलं. म्हणाल्या, "तेही कमिटीच ठरवेल."

आतून उत्का ओरडली, "कोण गं आजी?"

"लोन पाहिजे का विचारत होता मेला."

खोटं बोलताना आवाज कापला नाही. माइकवर खरं बोलताना कापतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मला कळायला नको होतं का? दुसऱ्या कोणाला नसतं कळलं, पण मला?

कोणाला सांगितलेलं नाही ते लिहिते. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा मी सतरा वर्षांची. डोक्यावर पत्र्याची पेटी आणि हातात वळकटी. आईने स्वतः शिवलेली गोधडी त्या वळकटीत. चाळीत आम्हाला एक खोली. आठ दिवसांत शेजारच्या तिन्ही खोल्यांत ढेकूण निघाले. माझ्या वळकटीतून आलेले. मालकीणबाईंनी नळावर, सगळ्या बायका कळशा लावून उभ्या असताना, माझी गोधडी काठीने उचलून दाखवली. "ही बघा वाशीमची देणगी!" गोधडी जाळली. तिचा धूर मी पाहिला. ढेकूण दोन महिन्यांत गेले. पण मी अकरा वर्षं "ढेकणांची दुर्गा" होते. माझ्या लेकीच्या बारशालासुद्धा एक बाई पाटावर बसायच्या आधी पाट उलटा करून बघत होती.

आणि मी काय केलं? त्याच नळावर यज्ञेश्वरदादांना उभं केलं. वर माइक लावून!

शनिवार, १५ नोव्हेंबर

शनिवार पेठेत जाऊन आले. उत्काला सांगितलं, देवळात जाते. उत्कासाठी डिंकाचे लाडू करून बघितलेत, त्यातले आठ डब्यात घेतले. बसमध्ये सारखी डब्याचं झाकण दाबत होते, जणू काय तेच उघडून बोलणार होतं.

वसतिगृह लख्ख. फरशी अशी पुसलेली की चपला बाहेर काढून हातात घ्याव्यात. यज्ञेश्वरदादा टेबलाशी बसले होते. डब्याकडे पाहून म्हणाले, "माझ्यासाठी, की ढेकणांसाठी?"

मी रडायलाच लागले. मग त्यांनी पाणी दिलं. माणूस वाईट नाही. आवाजात धार आहे, पण पाणी हाताने आणून दिलं.

म्हटलं, दादा, पुढच्या बुधवारी मी माइकवर सांगते, की तुमच्याकडे आता एकही ढेकूण नाही. ते खुर्चीतून उठलेच! "नको! हात जोडतो. आता नाहीत म्हणालात, की ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळेल होते म्हणून. ढेकूण गेले, आजी. नाव राहिलं."

मग माफी कशी मागू? सगळ्यांसमोर केलेल्या चुकीची माफी सगळ्यांसमोर मागायची, तर नाव परत घ्यावं लागतं!

"मागू नका," म्हणाले. "तक्रार मात्र मी मागे घेणार नाही. आपल्या जागी आपली नात असती तरी घेतली नसती."

लाडू ठेवून घेतले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उत्काच्या पायांवर सूज. बीपी पुन्हा वर. माझ्यामुळे तर नाही? तिला काही माहीत नाही, मग कसं माझ्यामुळे? पण घरातल्या भीतीचा वास येत असेल का पोटातल्या बाळाला? औषधाचा येतो म्हणतात.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तिला सगळं माहीत होतं! गुरुवारपासून! आनंदरावांच्या मोबाइलवर पाहिलं म्हणे. मी घाबरेन म्हणून बोलली नाही. मी तिच्यापासून लपवतेय, ती माझ्यापासून, आणि दोघी एकमेकींना "नीट झोप हं" म्हणतोय.

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "नियम तुला मीच सांगायला हवा होता." मग म्हणाली, "उद्या नाही गेलीस तरी चालेल आजी. गेली खुर्ची तर गेली." आणि भिंतीकडे तोंड केलं. खांदा हलत होता. मी पाय चेपत बसले. सात वर्षं ही पोरगी लोकांच्या मोऱ्यांत वाकून ही खुर्ची मिळवून बसलीय. आणि मी ती दोन बुधवारांत घालवणार.

कोंडीरामला बोलावलं. म्हटलं, टेंपोवरचं झुरळ काढून टाक. "काय?" झुरळ, नाव, फोन नंबर, सगळं. तो म्हणाला, "आजी, त्या मिशीवाल्या साहेबांनी तर कौतुक केलं होतं." म्हटलं, त्यांच्या दारात कधी हा टेंपो उभा राहिला नाही म्हणून. त्याने उत्काला विचारलं. उत्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, काढ. गरम पाणी आणि उलथनं घेऊन तो दुपारभर खरवडत होता. झुरळाच्या मिशा शेवटपर्यंत निघत नव्हत्या.

बुधवार, १९ नोव्हेंबर

गेले. पायऱ्या चढताना हॉटेलच्या दरवानाने हात दिला. आत शिरले तसं बोलणं थांबलं. निळा कोट आज मागच्या नाही, पहिल्या रांगेत!

काय बोलले ते आठवेल तसं लिहिते. परत बोलायची हिंमत नाही.

"मी दुर्गाबाई. बिबवेवाडी. माझ्या घरात ढेकूण होते." कोणीतरी खुदकन हसलं. मी थांबले नाही. वळकटी सांगितली. नळ सांगितला. काठीवरची गोधडी सांगितली. अकरा वर्षं सांगितली. उत्काला, आनंदरावांना, माझ्या लेकीलाही माहीत नसलेलं त्या कोटवाल्यांना सांगितलं! मग म्हटलं, "ढेकूण कोणाच्याही घरी येतो. मालकाची जात-पैसा विचारत नाही. पण त्याला मारायला कोणाला बोलवावं, तर गाडीवर हे एवढं झुरळ! गाडी दारात लागली की सगळी सोसायटी खिडकीत. आमच्या टेंपोवर आजपासून काही नाही. आमची माणसं साध्या कपड्यात येतील, हातात नळ दुरुस्तीवाल्यासारखी पिशवी. कोणी विचारलं तर सांगतील, नळ गळतोय. आणि तुमचं नाव—"

टिंग.

बसले. शेवटचं वाक्य तोंडातच राहिलं.

टाळी एकसुद्धा नाही. संपलं की नाही तेच कोणाला कळलं नसावं. सगळे आपापल्या बशीत बघत होते. चाळीस-पन्नास माणसं आणि चमच्याचा आवाज नाही! शेवटी कामाच्या चिठ्ठ्या वाटतात, याचं काम त्याला. वकिलाला तीन मिळाल्या, सुताराला पाच. मला शून्य. निळ्या कोटाने हात मागे बांधून माझ्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं.

यज्ञेश्वरदादा जाताना थांबले. "आजी, आज आपण मला विसरलात. आभारी आहे." माझा डबा परत दिला. धुतलेला. तक्रारीचं ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

घरी येऊन उत्काला सगळं सांगितलं. वळकटीपासून. ती इतका वेळ माझा हात धरून बसली की मुंग्या आल्या. मग म्हणाली, "आजी, ते शेवटचं वाक्य काय होतं?"

म्हटलं, जाऊ दे, आता काय उपयोग.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फोन वाजला नाही. दोनदा उचलून बघितला, बंद पडलाय का म्हणून. चालू होता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळपासून अकरा फोन! सगळे हळू आवाजात. कोणी गच्चीवरून, कोणी गाडीत काचा लावून. एक आवाज तर मी माइकवरून ऐकलेला, भरघोस. "आजी, ती बिन-नावाची गाडी... आमच्याकडे जरा नळ गळतोय." उद्या तक्रारीवर बसणाऱ्या त्या पाच जणांतले तिघं. तिघांचेही नळ गळतायत!

कोंडीरामला पत्ते कानात सांगितले. उत्का पलंगावरून विचारतेय, "अगं, पण कोण कोण?"

तिला नावं सांगितली नाहीत. इथेही लिहीत नाही.